घरी गेल्यानंतरचे प्रश्न

फिलोमिना टिझर्ड मायक्रोवेव्हसमोर उभी राहिली की बघणाऱ्याला हसू आवरत नसे. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट दाराच्या बटणावर, आणि नजर आकड्यांवर अशी रोखलेली, की आत उरलेलं वाटाण्याचं सूप नसून सुरुंग ठेवलाय! शेवटचा सेकंद उरला की ती झटकन दार उघडायची. ‘टिंग’ म्हणून वाजू द्यायचीच नाही.

“काकू, वाजलं तर काय आभाळ कोसळणार आहे?” शेजारीण विचारायची.

“मला नाही आवडत बाई तो आवाज,” असं म्हणून फिलोमिना चहाचं आधण ठेवायला वळायची.

ही थाप होती. आवाज तिला नव्हे, तिच्या नवऱ्याला सोसत नव्हता. आणि गंमत अशी, की हे नवऱ्याने तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही त्याला कधी विचारलं नव्हतं. आमच्या सेंट जॉन्स बंदरात माणसं आजारपणाचं पुराण तासन्‌तास लावतील, गुडघ्याचं, कमरेचं, पित्ताचं. पण ‘मला भीती वाटते’ एवढे तीन शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघायचे नाहीत!

लिअँडर टिझर्ड म्हणजे कुणी भित्रा माणूस नव्हे. उभं आयुष्य समुद्रावर काढलेलं. म्हातारपणी बोट विकली, पण अकॉर्डियन काही विकलं नाही. लग्न असो, बारसं असो, चर्चचं जेवण असो, लिअँडरकाका कोपऱ्यात खुर्ची ओढून बसायचा, मांडीवर अकॉर्डियन घ्यायचा, आणि मग कुणाची छाती होती जागेवर बसून राहायची! मग त्याला न्यूमोनिया झाला. थोडाथोडका नाही, जिवावरचं दुखणं. टेकडीवरच्या इस्पितळात अतिदक्षता विभागात कित्येक दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. पण गडी वाचला. घरी निघाला त्या दिवशी सगळ्या नर्स आणि डॉक्टर दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. तिथली रीतच आहे तशी.

घरी आल्यापासून मात्र अकॉर्डियन कपाटावर जाऊन बसलं ते बसलंच. काका बिछान्यात न झोपता खुर्चीत झोपू लागला. दुकानातल्या गल्ल्यावर यंत्र वाजलं की हातातली पिशवी तिथेच टाकून बाहेर जाऊन उभा राहायचा. आणि नात ट्रीना गळ्यात पडून म्हणाली, “आजोबा, ऑगस्टमध्ये माझ्या लग्नात तुम्हीच वाजवायचं हं!” तेव्हा म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “बोटं दुखतात गं.”

बोटं दुखतात! सकाळीच त्या बोटांनी त्याने शेजाऱ्याचं फाटलेलं जाळं विणून दिलं होतं. फिलोमिनाला सगळं दिसत होतं. पण बोलायचं कुणी?

अशात एके दिवशी फोन आला. खुद्द डॉक्टर जेरार्ड नोजवर्दींचा. अतिदक्षता विभागाचे मुख्य तेच, आणि काकाला वाचवणारेही तेच.

“लिअँडरकाका, एक बैठक ठेवलीय. पुढची काही वर्षं अतिदक्षता विभागात कशाकशावर संशोधन व्हायला हवं, ते ठरवायचंय. प्रश्न शेकडो, पण पैसा आणि माणसं मोजकी. म्हणून महत्त्वाचे दहा निवडायचे, आणि पहिल्याचं काम लगेच सुरू करायचं. डॉक्टर, नर्स, बरे झालेले पेशंट, त्यांच्या घरची माणसं, सगळ्यांनी मिळून. याल ना?”

“मला त्यातलं काय कळतं, डॉक्टरसाहेब?”

“अहो, तुम्ही नुसते या. केकही आहे.”

काकाला नकार देववेना. ज्याने जीव वाचवला त्याला नाही कसं म्हणायचं? फिलोमिनाला मात्र जायचंच होतं. मागच्या हिवाळ्यात इस्पितळाने गावोगावी माणसं पाठवून लोकांकडून प्रश्न गोळा केले होते. चर्चच्या जेवणात एका नर्सने तिलाही विचारलं होतं आणि हातातली ताटली खाली ठेवून फिलोमिना म्हणाली होती, “जीव वाचवून घरी पाठवलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा कसा होईल, ते शोधा की!” नर्सने ते लगेच उतरवून घेतलं होतं. तेव्हापासून फिलोमिनाच्या मनात एक आशा धुगधुगत होती.

बैठकीच्या सकाळी बंदरावर असं दाट धुकं होतं, की धक्क्यावरच्या बोटी नुसत्या आवाजावरून ओळखाव्यात. इस्पितळाच्या दालनात लांबलचक टेबल मांडलं होतं आणि त्यावर जाड कागदाच्या चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एकेक प्रश्न. बोलून, भांडून, चिठ्ठ्या वरखाली सरकवायच्या आणि शेवटी पहिल्या दहा ठरवायच्या, असा कार्यक्रम.

अध्यक्ष म्हणून डल्सी पार्डीबाईंना बोलावलं होतं. बाई ना डॉक्टर, ना पेशंट. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शुद्धलेखन शिकवलं होतं, आणि उरलेल्यांच्या आईबापांना.

“इथे आज कुणी डॉक्टर नाही आणि कुणी पेशंट नाही,” बाईंनी टेबलावर टिचकी मारली. “नुसती नावं. ज्याची पाळी त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जेरार्ड, च्युइंगगम टाकून ये.”

“हो बाई,” विभागाचे मुख्य म्हणाले आणि निमूटपणे उठले.

सगळे हसले. माणूस तसा लाखात एक. गर्व नाही, आळस नाही. पण त्यांचा एक लाडका प्रश्न होता. पेशंटला प्राणवायू नेमका किती द्यायचा? कमी पडला तर जीव जातो, जास्त झाला तर फुप्फुसांना इजा होते. मग बरोब्बर किती? या प्रश्नासाठी डॉक्टर जेवणखाण विसरायचे. त्यांची चिठ्ठी टेबलाच्या मधोमध होती आणि इतर चिठ्ठ्यांपेक्षा जरा ठळक अक्षरात होती. आपला तो बाब्या, दुसरं काय!

फिलोमिना चष्मा सावरत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. परत फिरली. मग म्हणाली, “माझा प्रश्न कुठाय?”

डॉक्टर मृदूपणे म्हणाले, “काकू, तुमचा प्रश्न छानच होता. पण तो घरी गेल्यानंतरचा. आपला विषय अतिदक्षता विभागाच्या आतला. म्हणून आम्ही तसले प्रश्न आधीच बाजूला काढले. बरेच होते.”

“बरेच होते?” पार्डीबाईंची भुवई वर गेली.

“हो, पण विषयाबाहेरचे, बाई.”

“आणि विषय कुणी ठरवला?”

“आम्हीच,” डॉक्टर म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

फिलोमिना तोंड उघडणार तोच काकाने तिची बाही ओढली. “गप बस ना. ज्याने मला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याच्या तोंडावर उलट बोलणार तू?” बिचारी मूग गिळून बसली.

पहिली फेरी सुरू झाली. लिअँडरकाका उठला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब म्हणतील तोच प्रश्न पहिला.” शेजारची ग्लॅडिस बंगे, तीही त्याच विभागातून बरी होऊन आलेली. ती म्हणाली, “माझंही तेच. त्यांना काय ते कळतं.” तिसरा म्हणाला तेच, चौथीही तेच. डॉक्टर लाजून खाली बघत होते, पण कान लाल झाले होते आनंदाने.

“अरे, हे काय चाललंय?” पार्डीबाई कडाडल्या. “तुम्हाला मत द्यायला बोलावलंय की नवस फेडायला? दुसरी फेरी! आणि या वेळी प्रत्येकाने स्वतःचं बोलायचं. दोन मिनिटं. घड्याळ लावा रे कुणीतरी, माझं अंडी उकडायचं घड्याळ घरी राहिलं.”

डॉक्टरांनी तत्परतेने आपला फोन पुढे केला, वेळ लावली आणि टेबलावर ठेवला.

आता इथे जे झालं, ते फक्त याच मंडळींच्या हातून होऊ शकतं! डॉक्टर नोजवर्दी कुठल्याही गजराने जागे होत नसत. कोंबडा आरवो, घंटा वाजो, घोरणं चालूच. फक्त एका आवाजाने ते ताडकन उठत. विभागातल्या सलाइनच्या पंपाच्या आवाजाने. म्हणून त्यांनी तोच आवाज फोनमध्ये भरून घेतला होता, आणि त्यात कुणाला काही खटकेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

दोन मिनिटं झाली. फोन वाजला. पिप्‌-पिप्‌-पिप्‌!

तीन नर्स एकदम उभ्या राहिल्या. एकीचा हात सवयीने वर गेला. दुसरी भिंतीकडे वळली. तिसरीने तर, देवाशपथ सांगतो, चहाच्या बंबाचं बटण दाबून तो गप्प करायचा प्रयत्न केला! डॉक्टर स्वतः अर्धे उठून ‘कुठला बेड?’ म्हणाले. मग एकमेकांची तोंडं बघून सगळे खो खो हसत सुटले.

हसता हसता पार्डीबाईंचं लक्ष गेलं. लिअँडरकाका खुर्चीत नव्हता. तो टेबलाखाली होता. गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी टेबलाचा पाय घट्ट धरून, चेहरा पांढराफटक.

“बंद करा तो!” फिलोमिना ओरडली. “आधी तो फोन बंद करा!”

डॉक्टरांनी झडप घालून फोन बंद केला. फिलोमिना खाली वाकली, मग सरळ जमिनीवरच बसली आणि नवऱ्याचा हात हातात घेतला. डॉक्टरही गुडघ्यावर आले.

“काका, छातीत दुखतंय का?”

“नाही हो,” काका पुटपुटला. “मी... मी परत तिकडे गेलो होतो. तो आवाज आला की मी परत त्या खाटेवर असतो. नळी घशात. ओरडायचंय आणि ओरडता येत नाही. वाटतं, आता हा आवाज थांबला की आपण मेलो.” त्याने डोळे पुसले. “घरीसुद्धा. दुकानातसुद्धा. आणि अकॉर्डियनचा भाता ओढला की तो श्वास घेतो ना, तसाच ते यंत्र घ्यायचं. मला हातात धरवत नाही ते. डॉक्टरसाहेब, मला वेड लागलंय. तुम्ही एवढं केलंत, आणि मी हा असा. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

“अगं बाई!” ग्लॅडिस बंगे उठून उभी राहिली. “लिअँडर, तुलासुद्धा? अरे, मागे घेताना ट्रक वाजतो ना, तो वाजला की मी रस्त्यात खाली बसते! नवरा म्हणतो, हिला ट्रकची ॲलर्जी झालीय!”

“मी वॉशिंग मशीन विकून टाकलं,” मागून कुणीतरी म्हणालं. “धुणं संपलं की वाजायचं.”

“आणि मी मायक्रोवेव्ह वाजू देत नाही,” फिलोमिना म्हणाली.

काका चमकून तिच्याकडे बघू लागला. “तुला ठाऊक होतं?”

“ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय रे? इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली ती काय डोळे मिटून?”

पहिल्यांदा काका हसला. टेबलाखाली बसूनच हसला! मग ग्लॅडिस हसली, मग वॉशिंग मशीनवाला. हसता हसता रडत होती माणसं, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “मला वाटलं, मी एकटाच!” “मला वाटलं, मी एकटीच!”

डॉक्टर मात्र जमिनीवर तसेच बसून होते. “पण तुम्ही चालत गेलात दारातून,” ते हळूच म्हणाले. “आम्ही टाळ्या वाजवल्या. मी आमच्या यशस्वी पेशंटांत धरलं तुम्हाला.”

“तुम्ही टाळ्या वाजवून दार लावून घेतलंत, बाळा,” फिलोमिना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “पुढचं सगळं दाराबाहेर आमच्या पदरात पडलं. तेच विचारलं होतं मी, तर तुम्ही म्हणालात विषयाबाहेरचं.”

“जेरार्ड,” पार्डीबाई म्हणाल्या, “तुझा बाप मासेमारी करायचा ना? मासा धक्क्यावर आला की जेवण झालं म्हणायचा का तो?”

“नाही, बाई. तो साफ करायचा, मीठ लावायचा, वाळवायचा.”

“आणि ते नाही केलं तर?”

“तर समुद्रावर केलेली सगळी मेहनत फुकट.”

“मग! माणूस जिवंत बाहेर आणलास, हे फार मोठं काम केलंस. पण तिथेच काम संपलं, हे कुणाला विचारून ठरवलंस? ज्याचं जळतं त्यालाच कळतं रे. आणि तुम्ही!” आता बाई पेशंटांकडे वळल्या. “तुम्हीही काही कमी नाही! उपकार केले म्हणून गप्प बसायचं? तुम्ही बोलला नाहीत तर या पोराला कळणार कसं? आभार मानायचे तर खरं बोलून माना!”

डॉक्टर उठले. त्यांचे डोळे ओले होते. “बाई, मी फार मोठी चूक केली,” ते म्हणाले. “लोकांना प्रश्न विचारले आणि न आवडलेली उत्तरं बाजूला ठेवली. असं विचारणं म्हणजे न विचारणंच!” ते स्वतः जाऊन बाजूला काढलेल्या चिठ्ठ्यांचा खोका घेऊन आले आणि सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. झोप का लागत नाही? हातापायांत बळ कधी येईल? घरच्यांनी काय करावं? कामावर परत जाता येईल का? किती घरांतून एकच हाक आली होती! फिलोमिनाचा प्रश्न त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यांत वर ठेवला. मग आपली ठळक अक्षरांची चिठ्ठी घेऊन ते टेबलाच्या पार खालच्या टोकाकडे निघाले.

“अहो, थांबा, थांबा!” लिअँडरकाका टेबलाखालून बाहेर येत ओरडला. “कुठे निघालात? ती आणा इकडे!” त्याने डॉक्टरांच्या हातून चिठ्ठी घेतली आणि दुसऱ्या जागी ठेवली. “वेळेवर हवा मिळाली नसती, तर आज कुरकुर करायला मी असतो का इथे? तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तरच आमच्या प्रश्नाला माणूस उरेल. हे स्वतःचं बोलतोय हं, नवस नव्हे!”

“शाब्बास!” पार्डीबाई म्हणाल्या. “आता लागलात बोलायला.”

मग काय विचारता! दुपारपर्यंत अशी भांडणं झाली, असे विनोद झाले, की केक कधी संपला कळलंही नाही. बंबाचं बटण दाबणारी नर्स म्हणाली, “आमचे कान त्या आवाजांना इतके सरावलेत, की कधीकधी खरा धोक्याचा इशाराही ऐकू येत नाही. आणि यांना तो घरी जाऊनही विसरता येत नाही. हे आवाज कमी कसे करता येतील?” तो प्रश्न तिसरा लागला. नुसते डॉक्टर बसले असते तर सुचला नसता, नुसते पेशंट बसले असते तरी सुचला नसता. दोघं एका टेबलाशी बसले म्हणून सुचला. धुकं विरून खाली बंदर लख्ख दिसायला लागलं, तेव्हा दहाच्या दहा चिठ्ठ्या जागेवर होत्या.

निघताना डॉक्टर म्हणाले, “काका, पहिल्या प्रश्नाचं काम सुरू करतोय. पण तुम्ही मंडळी सोबत हवीत. आणि मला एक नवा गजर हवाय.”

“बघतो,” काका म्हणाला.

त्या आठवड्यात कपाटावरून अकॉर्डियन खाली आलं. पहिल्या दिवशी नुसतं मांडीवर. दुसऱ्या दिवशी ग्लॅडिस आणि वॉशिंग मशीनवाला येऊन बसले, फिलोमिनाने पावाच्या पिठाचे टाउटन तळून वर काकवी ओतली, आणि चौघांच्या गप्पांत काकाने डोळे मिटून भाता एकदा ओढला. त्या यंत्राची आठवण आलीच. पण सोबत होती. मग पुन्हा ओढला. काही दिवसांनी डॉक्टरांच्या फोनमध्ये काकाने वाजवलेली एक छोटीशी, उड्या मारणारी चाल भरली गेली.

“जाग येते का?” काकाने विचारलं.

“येते की! पण उठल्या उठल्या पाय नाचायला लागतात, आणि बायको म्हणते हे काय नवीन!”

ऑगस्टमध्ये ट्रीनाचं लग्न झालं. हॉल माणसांनी फुललेला, बाहेर लख्ख ऊन. आजोबा कोपऱ्यात खुर्ची ओढून बसला, आणि त्याने भाता ओढला. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत बोटं अडखळली आणि थांबली. आणि नेमका त्याच वेळी डॉक्टर नोजवर्दींच्या खिशात फोन वाजू लागला. तीच चाल!

डॉक्टरांची तो बंद करायची कोण धांदल! लिअँडरकाका गदागदा हसला. “अहो, राहू द्या, राहू द्या! माझ्यापेक्षा तुमचा खिसा बरा वाजवतो!” आणि फोन जिथे थांबला, तिथून त्याने चाल उचलली. नवरी नाचली, पार्डीबाई नाचल्या, ग्लॅडिसने तर डॉक्टरांनाच ओढलं.

मागच्या स्वयंपाकघरात कुणीतरी मायक्रोवेव्ह लावला होता. फिलोमिना सवयीने धावली, पण गर्दीतून पोचेपर्यंत उशीर झाला. टिंग! ती दारातच थिजली. तिकडे कोपऱ्यात काकाची बोटं क्षणभर थांबली. त्याने मान वर करून गर्दीतून बायकोला शोधलं. मग डोळा मिचकावला आणि दुप्पट जोराने वाजवायला लागला. फिलोमिना रडत रडत हसली आणि मायक्रोवेव्ह तसाच सोडून नाचायला गेली.

वाचकहो, आपण सगळेच कुठे ना कुठे दुसऱ्यासाठी काहीतरी ठरवत असतो. घरात म्हाताऱ्यांसाठी, शाळेत मुलांसाठी, कचेरीत लोकांसाठी. मनात चांगलंच असतं. पण ज्याच्यासाठी ठरवायचं त्याला आधी विचारावं, आणि त्याने दिलेलं उत्तर विषयाबाहेरचं म्हणून खोक्यात टाकू नये. आणि ज्याला विचारलं त्यानेही उपकाराच्या ओझ्याखाली गप्प राहू नये. जीव वाचवणं हे थोर काम आहेच, पण वाचलेल्या जिवाला पुन्हा नाचता यावं, हेही त्याच कामात येतं. टेकडीवरच्या इस्पितळात अजूनही निघणाऱ्या पेशंटसाठी टाळ्या वाजतात. फक्त आता टाळ्या संपल्यावर दार लावत नाहीत, एक नर्स त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत जाते आणि विचारते, “पुढच्या मंगळवारी फोन करू ना? सगळं सांगायचं हं, अगदी भीती वाटली तरी.”